कथेचे प्रकटवाचन आणि बालविद्यार्थ्यांचे आकलन : लासलगाव परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांना शिक्षकाने कथा मोठ्याने वाचून दाखविणे आणि त्या श्रवणातून त्यांची आकलनशक्ती वाढीस लागणे, यांच्यातील संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटतो. परंतु जी संहिता वाचली जाते ती साहित्यकृती असते आणि जे आकलन अपेक्षित असते ते भाषेचे व अनुभवाचे असते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी कथेचा अर्थ लावू शकत नाही, अशी तक्रार आपण अध्यापक नेहमी करतो. त्या उणिवेची मुळे बहुधा इयत्ता दुसरी-तिसरीच्या वर्गात असतात. म्हणून हा प्रश्न मराठी विभागांनी आपला मानला पाहिजे.

विवेचनासाठी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील लासलगाव व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून हे गाव देशभर ओळखले जाते. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. अशा बाजारगावच्या वर्गात शेतकऱ्याची, व्यापाऱ्याची, हमालाची आणि मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले एकत्र बसतात. त्यांच्या घरांतील मराठी एकसारखी नसते. जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण-मालेगाव भागात अहिराणी बोलली जाते. पश्चिमेकडील पेठ-सुरगाणा भागात कोकणासारख्या आदिवासी बोली आहेत. आणि पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी या सर्वांपासून कमीअधिक अंतरावर उभी असते. अशा वर्गात 'वाचता येणे' आणि 'समजणे' यांत पडणारे अंतर विशेष स्पष्ट होते.

वाचता येणे आणि समजणे

देवनागरी लिपी बहुतांशी उच्चारानुसारी आहे. बाराखडी आणि नेहमीची जोडाक्षरे हाताशी आली की मूल समोर येणारा जवळजवळ कोणताही शब्द उच्चारू शकते. ही लिपीची मोठी सोय आहे. पण त्याच सोयीमुळे एक दोष झाकला जातो. लासलगावचे तिसरीतील मूल 'पोफळी', 'निरांजन', 'ओटी भरणे' हे शब्द न अडखळता वाचील. ते अडखळले नाही म्हणून त्याला समजले, असा समज शिक्षक करून घेतो. वास्तविक त्याने ध्वनी उच्चारलेले असतात. त्यांमागील वस्तू आणि व्यवहार त्याच्या मनात उभे राहिलेले असतातच असे नाही.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक सोपी मांडणी केली. वाचनाचे आकलन हा लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता या दोहोंचा गुणाकार होय, असे ते मानतात. बेरजेऐवजी गुणाकार म्हणण्यातील मर्म असे की, दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच येते. आपल्या शाळांतील बहुतेक परिश्रम पहिल्या घटकावर खर्च होतात. २००५ पासून होत असलेली 'असर' ही सर्वेक्षणेही अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा क्रमाने मुख्यतः मुलाचे प्रकटवाचनच तपासतात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुणाकारातील दुसरा घटक त्यामुळे नजरेआड राहता कामा नये.

हा दुसरा घटक कानांवाटे वाढतो. मुलाला स्वतः वाचता येते त्याहून पुष्कळच कठीण भाषा ऐकून समजते. दुसरीतील मूल स्वतः चार ओळींचा पाठ कष्टाने वाचते, परंतु वीस मिनिटांची गुंतागुंतीची गोष्ट ऐकून ती घरी जाऊन सांगते. हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे शिक्षकाचे प्रकटवाचन. आपल्या अध्यापनपद्धतीत 'आदर्श वाचन' ही पायरी पूर्वापार आहे. पण तिचा हेतू उच्चारांचा नमुना देणे एवढाच राहिला आहे. शिक्षक एकदा वाचतो, मुले 'अनुवाचन' करतात आणि सारे प्रश्नोत्तरांकडे वळतात. येथे अभिप्रेत असलेले प्रकटवाचन याहून वेगळे आहे. त्यात मुलांच्या हाती पुस्तक नसते, पाठ पूर्ण करण्याची घाई नसते आणि कथा हीच त्या तासाचा विषय असते.

कथन आणि वाचन

गोष्ट सांगणे आणि गोष्ट वाचून दाखविणे यांत फरक केला पाहिजे. कथनात सांगणाऱ्याची भाषा ऐकणाऱ्याकडे पाहून बदलते. वाक्ये लहान होतात, शब्द ओळखीचे येतात, हातवारे उरलेले काम करतात. त्यामुळे कथनातून कथेचा सांगाडा चटकन पोहोचतो. वाचनात मात्र ग्रंथाची भाषा जशीच्या तशी कानांवर पडते : 'जेव्हा–तेव्हा', 'जरी–तरी' यांनी जोडलेली लांब वाक्ये, घरात न वापरले जाणारे शब्द, निवेदनातील 'केले', 'झाले', 'म्हणाली' ही लेखी रूपे. बोलताना आपण 'केलं', 'झालं' म्हणतो. वाचून दाखविताना शिक्षकाने निवेदनातील लेखी रूपे सहसा तशीच ठेवावीत आणि संवादांत बोलीचा सूर येऊ द्यावा. असे केल्याने लेखनाची भाषा आणि माणसांची बोलणी यांतील भेद मुलाचा कान आपोआप टिपू लागतो.

लिपी जे सांगत नाही तेही वाचनातून कळते. 'जरा' या एकाच लेखनाचा एका उच्चाराने 'थोडे' असा अर्थ होतो आणि दुसऱ्या उच्चाराने 'वार्धक्य' असा. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार लेखनात वेगळे दाखविले जात नाहीत. 'तू आलास' हे शब्द विधान, प्रश्न, आनंद किंवा उपरोध यांपैकी काहीही असू शकतात. कोणता सूर योग्य, हे ठरविण्यासाठी वाचणाऱ्याला प्रसंगाचे आकलन व्हावे लागते. चांगले प्रकटवाचन म्हणजे कानांना ऐकू येणारा अर्थनिर्णय होय.

अहिराणी किंवा आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत कथन आणि वाचन यांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. प्रथम मुलाच्या बोलीत किंवा तिच्या जवळच्या बोलण्यात थोडक्यात कथन, मग पुस्तकाच्या भाषेत वाचन आणि शेवटी पुन्हा मुलाच्या बोलीत त्याचे स्वतःचे पुनर्कथन, असा क्रम हितकर ठरावा. यात बोलीला प्रमाणभाषेची पायरी म्हणून हिणवलेले नाही. कथेत शिरण्याची आणि कथा आपलीशी करण्याची दोन्ही दारे तिच्याच हाती राहतात.

परंपरेतील आधार

श्रवणातून आकलन ही कल्पना आपल्याला परकी नाही. श्रावणात देवळात 'पोथी लावण्याची' रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती आणि अनेक गावांत ती आजही आहे. श्रीधरकवीचे 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते या रीतीने. त्यात एक जण ओव्या वाचतो आणि दुसरा, किंवा वाचणाराच मध्येमध्ये थांबून, अर्थ सांगतो. मूळ शब्द आधी कानांवर पडतात. मग त्यांचा उलगडा होतो. मग पुन्हा मूळ शब्दांकडे परतणे होते.

आधुनिक संशोधनाने याच क्रमाला दुजोरा दिला आहे. वॉरविक एली यांनी न्यूझीलंडमधील शाळांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. सात-आठ वर्षांच्या मुलांना एकच कथा पुन्हा पुन्हा वाचून दाखविली असता केवळ ऐकण्यानेही नवे शब्द आत्मसात होतात आणि वाचताना शिक्षकाने शब्दांचा अर्थ ओघात सांगितला तर ही वाढ दुपटीहून अधिक होते, असे त्यांना आढळले. पोथी सांगणाऱ्याने जे परंपरेने जाणले होते तेच येथे मोजून दाखविले गेले, असे म्हणता येईल.

मुद्रित बालसाहित्याचा आरंभ मात्र निराळ्या हेतूने झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही १८२८ च्या सुमाराची पुस्तके शाळेत वाचण्यासाठी आणि बोध घेण्यासाठी होती. कथेच्या शेवटी तात्पर्य सांगण्याची सवय तेथून आपल्या वर्गांत रुजली. या सवयीला पहिला मोठा छेद गुजरातीतून मिळाला. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या गोंगाट करणाऱ्या वर्गाला गोष्ट सांगून आपलेसे करतो आणि अभ्यासक्रमाची वाट त्या गोष्टींतूनच काढतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी आणि पुढे अनुताई वाघ यांनी हा विचार महाराष्ट्रात बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेला. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला हलविले.

'श्यामची आई' : कानांसाठी लिहिलेला ग्रंथ

नाशिक जिल्ह्यात या विषयाचा विचार करताना एक ग्रंथ अपरिहार्यपणे समोर येतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत होते. मुलांना गोष्टी सांगण्याचा त्यांचा सराव या पुस्तकाच्या घडणीत उतरला आहे.

या ग्रंथाची विभागणी प्रकरणांत नसून 'रात्रीं'त आहे, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. श्याम आश्रमातील सोबत्यांना प्रार्थनेनंतर एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. ऐकणारे मध्येच बोलतात, कधी गोष्ट संपल्यावर गप्प राहतात. म्हणजे श्रवणाचा प्रसंग स्वतः कथानकाचा भाग आहे. समीक्षेने या ग्रंथातील भावनाशीलतेची चर्चा पुष्कळ केली. त्याच्या श्राव्य रचनेकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. प्रत्येक रात्र एका बैठकीत संपते आणि स्वतंत्रपणे समजते. कांदा काढणीच्या दिवसांत हजेरी विस्कळीत होणाऱ्या वर्गात या गोष्टीला मोठे व्यावहारिक मोल आहे. चार दिवस न आलेले मूल पाचव्या दिवशी गोष्टीबाहेर राहत नाही.

'मुकी फुले' ही रात्र उदाहरणादाखल घेऊ. देवाला फुले आपल्यालाच अधिक मिळावीत म्हणून श्याम कळ्याच तोडून आणतो. फुलांना झाडावर उमलू द्यावे, असे आई त्याला समजावते. वाचण्यापूर्वी शिक्षकाने फार बोलू नये. कोकणातील घर, पूजा आणि परडी यांची ओळख दोन वाक्यांत पुरे. येथे लासलगावच्या मुलाजवळ एक ज्ञान आधीपासून असते. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचा गोंडा वेळेआधी खुडला तर पुढे उळे टाकायला बी मिळणार नाही, हे शेतकऱ्याच्या घरात त्याने पाहिलेले असते. कळी न तोडण्यामागचा आईचा विचार आणि गोंडा राखण्यामागचा बापाचा विचार एकच आहे काय, असा प्रश्न विचारला तर मूल प्रथम साम्य सांगेल. थोडे थांबल्यावर भेदही सांगेल : बाप बियाण्यासाठी गोंडा राखतो, आई मात्र फुलाच्या स्वतःच्या फुलण्यासाठी कळी राखावयास सांगते. हा भेद ज्या मुलाने ओळखला त्याला ती रात्र समजली.

उलट बाजूचे उदाहरण 'अब्रूचे धिंडवडे' या रात्रीचे. कर्जापायी श्यामच्या घरावर जप्ती येते आणि गावात दवंडी पिटली जाते. जप्तीमागून लिलाव येतो, हे मोठ्यांना सांगावे लागत नाही. पण लासलगावच्या मुलाच्या लेखी लिलाव म्हणजे रोजचा व्यवहार : ट्रॅक्टरच्या रांगा, बोली पुकारणारे व्यापारी, भाव चांगला मिळाला तर घरी येणारा खाऊ. या शब्दाला लाज चिकटलेली त्याने पाहिलेली नसते. मुलाला शब्द पूर्णपणे ठाऊक असूनही त्याचा अर्थ येथे चुकतो. अनोळखी शब्द शिक्षकाच्या ध्यानात येतो, म्हणून तो समजावून देतो. ओळखीच्या शब्दाने घातलेला चकवा ध्यानात येत नाही. येथे शिक्षकाने थांबून विचारले पाहिजे : 'आपण कांदा लिलावाला नेतो आणि कोणी आपले घर लिलावाला काढतो, यात काय वेगळे आहे?' कर्जाची झळ ज्या घरांना लागली आहे अशी मुलेही वर्गात असतात. म्हणून उत्तर कोणा एकाकडून काढून घेऊ नये. वर्गापुढे प्रश्न ठेवून जे बोलतील त्यांना बोलू द्यावे. ही रात्र पाचवी-सहावीच्या पुढेच घ्यावी, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्नांचे स्वरूप

प्रकटवाचनाचे यश बऱ्याच अंशी प्रश्नांवर अवलंबून असते. आपल्या वर्गांत दोन प्रकारचे प्रश्न रूढ आहेत. एक, 'कोण म्हणाले?', 'कोठे गेला?' असे स्मरणाचे. दुसरा, 'या गोष्टीवरून काय बोध होतो?' हा तात्पर्याचा. पहिल्या प्रकाराने मूल कथेच्या पृष्ठभागावर राहते. दुसऱ्याने ते एकदम कथेबाहेर फेकले जाते. आकलन या दोहोंच्या मध्ये घडते.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. पाऊस येतो आणि एक घर वाहून जाते. का, हे गोष्ट सांगत नाही. शेण पाण्यात विरघळते आणि मेण विरघळत नाही, हे मूल आपल्या अनुभवातून भरते. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी एकामागून एक कामे सांगत त्याला थांबवते. तिला खरेच काम होते की दार उघडावयाचेच नव्हते? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मात्र जे उत्तर द्यावयाचे त्याला गोष्टीतून आधार द्यावा लागतो. 'तुला असे का वाटते?' हा पुढचा प्रश्न विचारला की अर्थनिर्णयाची पहिली पायरी चढून होते. पदव्युत्तर वर्गात आपण ज्याला संहितेचा आधार म्हणतो त्याचा आरंभ येथे आहे.

मुलाचे आकलन पाहण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे पुनर्कथन. ते ऐकताना चार गोष्टी क्रमाने पाहता येतात. घटना योग्य क्रमाने आल्या काय? एका घटनेमुळे दुसरी घडली, हा कार्यकारणसंबंध आला काय? पात्राने तसे का केले, हा हेतू आला काय? आणि कथेत न सांगितलेले पण अभिप्रेत असलेले काही आले काय? 'मग', 'मग' अशा जोडणीने सांगणारे मूल पहिल्या पायरीवर असते. त्याच्या बोलण्यात 'म्हणून', 'पण', 'तिला वाटले की' येऊ लागले की आकलन वाढत असल्याची ती खूण होय. येथे व्याकरण आणि आकलन एकमेकांत मिसळलेले दिसतात.

काही मर्यादा

प्रकटवाचनाविषयी बोलताना तीन धोके ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला, नाट्यमयतेचा. शिक्षक उत्तम अभिनय करतो, मुले हसतात-रडतात आणि तास रंगतो. परंतु रंगलेला तास आणि समजलेली कथा या दोन गोष्टी आहेत. 'श्यामची आई' वाचताना हा धोका अधिक. मुलांचे डोळे भरून आले याचा अर्थ त्यांना आईची कृती उमगली, असा होत नाही. 'श्यामचे पोहणे' या रात्रीत आई श्यामला मारून पोहायला पाठवते. त्या माराने मुले हळहळतात. पण एवढी मायाळू आई मारते का, या प्रश्नापर्यंत ती पोहोचली नाहीत तर हळहळ तेवढी उरते.

दुसरा धोका शांततेचा. वर्ग शांत आहे म्हणून तो ऐकत आहे, असे मानले जाते. ज्या मुलाला प्रमाणभाषा परकी वाटते ते सर्वांत शांत असते. मजूर कुटुंबातून हंगामापुरते आलेले मूल कोपऱ्यात बसून महिना काढते आणि त्याला काहीच समजले नव्हते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या लेखातील विवेचनाची खरी कसोटी त्या मुलावर लागते. त्याच्या बोलीतील एक शब्द जरी शिक्षकाने गोष्टीत आणला आणि त्याला त्याच्या शब्दांत गोष्ट सांगू दिली, तरी त्याची शांतता फुटण्याची शक्यता निर्माण होते.

तिसरा धोका वेळेचा. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन, क्वचित त्याहून अधिक इयत्ता असतात. तेथे रोजचा स्वतंत्र तास मागणे व्यवहार्य नाही. मात्र कथाश्रवण हा असा एकमेव पाठ आहे की ज्यात पहिली ते चौथीची मुले एकत्र बसू शकतात. प्रश्न तेवढे इयत्तेनुसार बदलावे लागतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. देवनागरीच्या सुबोधतेमुळे मराठी शाळांत न समजता वाचण्याचा दोष सहज लपतो. तो दूर करण्यासाठी ऐकलेल्या भाषेचे आकलन वाढविणे आवश्यक आहे. कथन आणि वाचन यांची कार्ये भिन्न असून मुलाची बोली व ग्रंथभाषा यांना जोडण्यासाठी दोहोंची गरज आहे. पोथीवाचनाच्या परंपरेत या पद्धतीचा देशी नमुना आहे. मुलाच्या परिसरातील ज्ञान आकलनाला साहाय्य करते आणि क्वचित चकवाही देते. म्हणून शिक्षकाने संहितेइतकाच परिसरही वाचला पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेवर भर दिला आणि २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. त्यात 'समजपूर्वक वाचन' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. समज म्हणजे काय आणि ती कोणत्या संहितेतून कशी घडते, हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांची आहे. मराठी विभागांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. बालकथांची श्राव्यतेच्या दृष्टीने समीक्षा करता येईल : वाक्यांची लांबी, संवादांचे प्रमाण, पुनरुक्तीची जागा, एका बैठकीत संपणारा घाट. पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या गावच्या शाळेत एकच कथा वाचून दाखवून मुलांची पुनर्कथने नोंदवू शकतील. त्यांतील उभयान्वयी अव्ययांचा, बोलीरूपांचा आणि गाळलेल्या प्रसंगांचा अभ्यास करू शकतील. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक पुस्तक, एक वही आणि मुलाचे बोलणे संपेपर्यंत थांबण्याची तयारी एवढे साहित्य पुरेसे आहे.